कान नऊ, फासा नऊ

सडक अर्जुनीत कोणी विचारलं, "काय काम करतेस?" तर उत्तर देईपर्यंत समोरच्याचा चहा थंड होतो. म्हणून मी आता थोडक्यात सांगते: लोक एकमेकांच्या कानात जे बोलतात ते मी वाचते आणि कोणाला सांगत नाही. हे ऐकून आमच्या काकांनी विचारलं, "पोलिसात लागली का वो?" बाबांनी विचारलं, "अन याचा पगार देतात?" देतात. सहा वर्षं झाली.

घराच्या खालच्या खोलीत बाबांचं छपाईचं यंत्र आहे. आता त्यावर लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतात. माझ्या लहानपणी त्यावर पत्रकं छापली जात. मोर्चाची, सभेची, धान खरेदी केंद्र उघडत नाही म्हणून, वसतिगृहातल्या मुलींना पाणी नाही म्हणून. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे शाळेत गाईवरच्या निबंधाचा शेवटही मी मागण्या मान्य झाल्याच पाहिजेत असा केला होता. बाबांचा एक नियम होता. पत्रकाखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव हवं. कोणी म्हणालं, बिननावाचं छापा, तर बाबा म्हणत, "मग बिनशाईचं छापतो."

माझं काम वरच्या खोलीत चालतं. खिडकीतून महामार्ग दिसतो, रायपूरकडे जाणारे ट्रक दिसतात, आणि टेबलावर संगणक आहे. पुण्याची एक लहान कंपनी ऑनलाइन खेळ चालवते. या खेळात चित्रं नाहीत, गोळीबार नाही. सगळं लिहून खेळायचं. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कोणी सेनापती, कोणी दाई, कोणी चोर, आणि त्या पात्रानं काय केलं, काय म्हटलं ते लिहितो. दहाबारा जणांच्या गटाला दालन म्हणतात. दालनाला एक पंच असतो. माझ्या दालनात तलावांचं राज्य आहे. तिथला राजा मी, पाऊस मी, वाघही मीच. आणि वाद झाला तर निवाडा माझा. आम्ही रविवारी दुपारी दोन ते पाच खेळतो.

निवाडा कसा होतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्ही लिहिलंत "मी वाड्याची भिंत चढलो" म्हणून तुम्ही चढलात असं होत नाही. प्रत्येक पात्राची कसबं आकड्यांत लिहिलेली असतात. तलवार तीन, घोडा दोन, कान एक. संगणकावर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात तुमचं कसब मिळवायचं. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली तर तुम्ही भिंतीवर, नाही तर खाली गटारात.

कुजबुजीचंही तसंच. आधी एक खूण टाइप करायची, मग ज्याच्या कानात बोलायचं त्याचं नाव. मग ते वाक्य फक्त त्याच्या पडद्यावर उमटतं. बाकीच्यांना इतकंच दिसतं की हे दोघे कुजबुजत आहेत. जवळ उभ्या असलेल्या कोणाला ऐकायचं असेल तर तो मला, फक्त मला, लिहितो: "कान लावतो." मी फासा टाकते. जमलं तर ते वाक्य त्याला देते.

खूण विसरली की काय होतं ते भंडाऱ्याच्या एका बँकेतल्या साहेबांना विचारा. ते सेनापती होते. "आजच्या जेवणात राजाला विष" हे वाक्य त्यांनी खुणेशिवाय टाकलं आणि ते भर दरबारात राजासमोर उमटलं. राजा मी. मग साहेबांनी लिहिलं, "हे मी मनात म्हटलं असं धरा." धरलं नाही. आमच्या दालनात बोललेलं ते बोललेलं. पुढचे चार रविवार त्यांचं पात्र कोठडीत होतं, आणि ते दर रविवारी बरोबर दोन वाजता कोठडीत हजर असत.

दुसरा एक गृहस्थ मला फोनवर म्हणाला, "मॅडम, माझी बायको तुमच्या दालनात आहे. ती त्या वैद्याशी काय कुजबुजते, तेवढं सांगा." मी म्हटलं, नाही सांगणार. तो म्हणाला, "मी नवरा आहे तिचा." मी म्हटलं, तिथे ती नाव घेऊन येते, तिचं पात्र नाव घेऊन येतं, तुमचं नाव यादीत नाही. त्यानं कंपनीकडे तक्रार केली, मी उद्धट आहे म्हणून. तक्रारीतला तेवढा भाग खरा होता. ती बाई त्या वैद्याशी काय बोलत होती, हे मला आजही माहीत आहे आणि आजही सांगणार नाही.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. पत्रकात वाढलेली मी, मला पडद्यामागचा फासा सहन होईना. लपून टाकलेला फासा म्हणजे बंद खोलीतला निकाल. मी जाहीर केलं: आजपासून सगळे फासे सगळ्यांसमोर. पहिल्याच रविवारी दोन कटवाले कुजबुजत होते, तेवढ्यात तिसऱ्यानं कान लावला आणि त्याचा फासा सगळ्यांच्या पडद्यावर खडखडला. दोघा कटवाल्यांनी लगेच विषय बदलला. एक म्हणाला, यंदा वांगी छान आली. दुसरा म्हणाला, हो, बियाही कमी आहेत. पुढचा महिनाभर आमच्या राज्यात एकही कट झाला नाही, सगळे वांग्यांवर बोलत होते. कोणी ऐकतोय हे बोलणाऱ्याला आधीच कळलं तर चोरून ऐकणं उरतच नाही. गुप्त राहायला हवं असंही काही असतं, हे मला त्या वांग्यांनी शिकवलं.

म्हणून मी मधला मार्ग काढला. फासा पडद्यामागेच टाकायचा, पण प्रत्येक फासा, आकडा आणि मी दिलेला निकाल एका पानावर लिहायचा. आणि एक प्रकरण संपलं, त्यातली गुपितं शिळी झाली, की सगळ्यांना फोनवर जोडून ती पानं मोठ्यानं वाचायची. खाली पंचाचं नाव. हे कंपनीच्या नियमात नव्हतं. या कामात पंचानं गोष्ट रंगावी म्हणून पडद्यामागे आकडा थोडा इकडचा तिकडे केला तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही, कौशल्य म्हणतात. आमच्या दालनात पानं वाचली जातात, हे मी नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी छाती काढून सांगत असे.

आता त्या प्रकरणातली तीन माणसं.

लताताई सालेकशाकडच्या अंगणवाडीत सेविका. चाळिशी उलटलेली. आठवडाभर वजनं, नोंदी, खिचडी, आणि रविवारी दुपारी तीन तास फोन घेऊन घराच्या मागच्या ओट्यावर. त्या वाड्यातली दाई होत्या.

कापगते काका इथलेच, शेतकरी. त्यांच्या आजा-पणजानं तलाव बांधले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लिहिलं, "पोरी, तुया तलावाले सांडवा कुठं आहे? पहिल्याच पावसात पाळ फुटते तुयी." सांडवा म्हणजे जादा पाण्याची वाट, पाळ म्हणजे बांध. सांडवा मी काढलाच नव्हता. काढला. ते तलावाचा तुडूम सांभाळणारे झाले. तुडूम म्हणजे तलावातून शेताकडे पाणी सोडायचं दार.

आणि सोनू. गोंदियाच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बोलणं अर्धं हिंदीत, त्यातलं अर्धं टोमण्यात. तो राजाचा खबऱ्या. प्रत्येक प्रकरणानंतर खेळाडूला कसब वाढवायला गुण मिळतात. सोनूनं आठ महिने सगळेच्या सगळे कानांवर घातले. तलवार शून्य. घोडा शून्य. कान नऊ. बाकीचे त्याला हसत. तो म्हणायचा, "हसा. अपने को घोडा नको. मी फकत कान लावून बसतो. एक दिन कामाची गोष्ट येईल."

त्या प्रकरणात राजानं तुडुमाला कुलूप घातलं होतं. खालच्या पाच गावांचं धान वाळत होतं. हे कुलूप माझ्याच डोक्यातलं, पण ते कोण कसं उघडेल ते मला माहीत नव्हतं. लताताईंनी चार महिने लावले. दाई रोज तुडुमावर यायची, तुडूमवाल्याला आंबील द्यायची, त्याच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी करायची. एकही वाक्य कटाचं नाही. मी वाचत होते आणि मला वाटत होतं, माणसं अशी गोळा करतात. मग एका रविवारी त्यांनी खूण टाइप केली आणि कुजबुजल्या: "पौर्णिमेच्या पहाटे तुडूम उघड. खालची पाच गावं वाट पाहत आहेत."

त्याच क्षणी मला सोनूचा निरोप आला. "कान लावतो."

ठरलेला आकडा होता पंधरा. मी फासा टाकला. नऊ. कान नऊ. अठरा.

त्यानं ऐकलं होतं. मी त्याला लिहिलं: "सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. बाकी काही ऐकू येत नाही."

हे मी का केलं, ते आता लिहिते तसं तेव्हा स्वतःशी बोलले नव्हते. तेव्हा माझी बोटं आपोआप चालली. पाणी खालच्या गावांना मिळायला हवं होतं. राजाचा एक चुगलखोर, एका दुकानात बसून हसणारा, एका फाशावर पाच गावं वाळवणार? एका राबणाऱ्या बाईची चार महिन्यांची मेहनत पुसणार? मला वाटलं, मी न्याय करते आहे. मात्र पानावर मी खरा आकडा लिहिला. सवयीनं. शेजारी निकालही लिहिला: ऐकू आलं नाही.

पौर्णिमेला तुडूम उघडला. पाणी धो धो खाली गेलं. दालनात सगळे वेडे झाले. लताताईंनी फोन करून सांगितलं, "प्रज्ञा, मी ते अंगणवाडीत मदतनीस बाईले पण सांगितलं. तिले काही कळलं नाही, पण ती खूश झाली." सोनूनं लिहिलं, "दाई, मान गए. मी तिथंच उभा होतो अन काही ऐकू नाही आलं." आणि पुढे त्याचा नेहमीचा टाइप केलेला हसरा चेहरा, जो मला कधी आवडला नव्हता.

तीन आठवड्यांनी प्रकरण संपलं. पानं वाचायचा रविवार आला.

आदल्या दिवशी मी पान उघडून बसले. फाशाचा नऊ खोडून पाच लिहिला की बेरीज चौदा. दुसरं काही करायचं नव्हतं. मी पुण्याला मॅनेजरना फोन केला आणि सांगितलं. ते हसले. "अगं, एवढंच? गोष्ट छान झाली ना? सगळे खूश आहेत ना? मग ते पान वगळ. तुझं ते पान वाचण्याचं खूळ मी चालवून घेतोय, पण दालन फुटलं तर जबाबदारी तुझी."

मी खाली गेले. बाबा लग्नपत्रिकेवरच्या नावाचे खिळे जुळवत होते. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी सांगितलेलं करून मोकळं होणं मला नको होतं. वर आले आणि पान तसंच ठेवलं.

रविवारी चार वाजता सगळे फोनवर. मी एकेक ओळ वाचत गेले. मग त्या ओळीवर आले. "खबऱ्या कान लावतो. ठरलेला आकडा पंधरा. फासा नऊ, कान नऊ, बेरीज अठरा. पंचानं दिलेला निकाल, ऐकू आलं नाही. निकाल खोटा आहे. मी मुद्दाम दिला. प्रज्ञा, पंच."

सोनूच्या दुकानात कोणीतरी विचारत होतं, "भैया, चार्जर है क्या?" सोनू म्हणाला, "रुको जरा." मग मला म्हणाला, "मॅडम, कितना आया था?"

"अठरा."

"अठरा," तो म्हणाला. "आठ महिने मी घोडा नाही घेतला, मॅडम. लोकं हसून राहिले, मी सुनून राहिलो. पहिल्यांदा कामाची गोष्ट आली होती."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "छोडो. खेळ आहे."

मला वाटलं, संपलं. तेव्हा लताताई बोलल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"छोडो कायले? त्याचं तू घेतलं ते त्यानं सोडलं. माझं कोन सोडते?"

"ताई, तुमचं तर काहीच..."

"मी तीन आठवडे खुशीत फिरून राहिली, का मी पानी सोडलं. अंगणवाडीत सांगत सुटली. पानी तू सोडलं होतं. मले दान कोनी मागतलं होतं? मी मागतलं होतं?"

मी म्हटलं, तुमची चार महिन्यांची मेहनत वाया जाऊ नये असं मला वाटलं.

"अंगणवाडीत येणारा प्रत्येक साहेब असाच बोलते," लताताई म्हणाल्या. "तुमच्या भल्यासाठी. काऊन वो, मले हरता येत नाही का?"

इतकी वर्षं वरून होणाऱ्या दयेविरुद्ध पत्रकं वाचली, लिहिली, वाटली, आणि पहिली संधी मिळताच मी तीच दया वरच्या खोलीत बसून केली होती.

कोणी म्हणालं, सोनूला जादा गुण द्या. कोणी म्हणालं, पुढं चला. कापगते काका सगळ्यात शेवटी बोलले. "पाळ पाझरली त वरून माती टाकून भागत नाही. पाझर लागते तिथपर्यंत खनाव लागते, अन मंग पुन्हा दाबत वर याव लागते. त्या रविवारपासून पुन्हा खेळू. फासा तोच, बेरीज अठरा. पंच आता मी होतो. पोरी, तू माझा तुडूमवाला हो."

"त्याले बांधून नेतील राजाची मानसं," कोणीतरी म्हणालं.

"म्हनूनच त तिले देऊन राहिलो," काका म्हणाले.

संध्याकाळी मी दालनाच्या फलकावर सगळं लिहून लावलं. काय केलं, का केलं, आणि खाली माझं पूर्ण नाव, गाव सडक अर्जुनी. कंपनीनं मला लेखी ताकीद दिली आणि प्रकरण मिटेपर्यंत त्या दालनाच्या पंचपदावरून काढलं. दालन फुटलं नाही. एकही खेळाडू गेला नाही. उलट कंपनीच्या आणखी दोन दालनांतल्या पंचांनी माझ्याकडून पानाचा नमुना मागून घेतला. त्यांच्याकडेही आता पानं वाचली जातात. हे काम मला येतं, असं मी त्या दिवसापासून म्हणते. त्याआधीची वर्षं मी फक्त फासे टाकत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच तुडूम, तीच दाई. काका एका बोटानं टाइप करत असल्यानं राज्याचा वेग बैलगाडीचा झाला होता. लताताईंना आता माहीत होतं की सोनू ऐकणार आहे. दाईला माहीत नव्हतं. त्यांनी पौर्णिमेऐवजी अमावास्या लिहिलं असतं, तुडुमाऐवजी घाट लिहिलं असतं, तरी कोणी काही म्हटलं नसतं. माझ्या पडद्यावर उमटलं: "पौर्णिमेच्या पहाटे तुडूम उघड. खालची पाच गावं वाट पाहत आहेत." शब्दाला शब्द.

मी लिहिलं, "उघडतो."

काकांनी ते वाक्य सोनूला दिलं. पौर्णिमेच्या पहाटे मी कुलपाला हात लावला आणि राजाच्या माणसांनी मला पाळीवरच्या झाडाला बांधलं. पाणी आत राहिलं. पाच गावांचं धान गेलं. सोनूनं सगळ्यांसाठी इतकंच लिहिलं, "खबऱ्या पाळीवर उभा आहे." हसरा चेहरा नव्हता.

मग लताताईंनी लिहिलं, दाई तांब्या घेऊन येते आणि बांधलेल्या तुडूमवाल्याला पाणी पाजते. पहारेकऱ्यांना त्यात काही गैर दिसलं नाही. तांब्या माझ्या तोंडाला लावताना दाई माझ्या कानाशी वाकली आणि एक वाक्य कुजबुजली. मी सहा वर्षं लोकांच्या कुजबुजी वाचल्या आहेत. इतकं धीट वाक्य कोणाच्या कानात पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

काका लिहू लागले, "थांबा जरा, चष्मा पुसून राहिलो." म्हणजे सोनूनं कान लावला होता. पडद्यामागे फासा पडला असणार. किती आला, मला दिसलं नाही. काकांनी सगळ्यांसाठी लिहिलं, "वारा सुटला आहे."

लताताई त्या वाक्यात काय म्हणाल्या ते मी इथे लिहिणार नाही. प्रकरण अजून चालू आहे, आणि हे ज्यात छापून येतंय तो अंक सोनूच्या दुकानात येतो.